व्हर्लचा उलटा ॲक्सल

"ॲक्सल निवडणं हे बायको निवडण्यापेक्षा अवघड असतं!" व्हर्ल टॅनर आपल्या मेव्हण्याला सांगत होता. बायको मागेच उभी आहे हे लक्षात आल्यावर त्यानं घाईघाईनं पुढचं वाक्य जोडलं, "आणि मी दोन्हीत चुकलेलो नाही!"

असा हा व्हर्ल. खडकांवर चढणाऱ्या जीपा अमेरिकेतल्या या मोआब गावात घरोघर बांधतात, पण एक नट पिळल्यावर दहा जणांना सांगत सुटणारा हाच एक.

त्याच्या त्या अर्धवट जीपनं कधीपासून गॅरेज अडवून ठेवलं होतं. त्याच्या बायकोला, नेल्डाला, तिथं गोधड्या शिवायचं लांबलचक मशीन मांडायचं होतं. शेवटी तिनं फर्मान काढलं.

"तू म्हणतोस ना, ही जीप रस्त्यावरही चालेल? मग शनिवारी चर्चच्या जेवणाला मला हिच्यातूनच ने. जेवणाआधीच्या प्रार्थनेपूर्वी मी केलेले बटाटे टेबलावर पोचले, तर गॅरेज तुझं. नाही पोचले, तर माझं!"

"पोचवतो की! वाऱ्यासारखा!"

मागच्या ॲक्सलसाठी, म्हणजे मागची दोन चाकं फिरवणाऱ्या आसासाठी, व्हर्लनं सगळं भंगार पालथं घातलं आणि एका मेलेल्या ट्रकचा ॲक्सल उचलून आणला. हत्ती बसला तरी वाकणार नाही असला दणकट! खोट एकच. इंजिनाकडून येणारा दांडा जिथं जोडायचा, ते ॲक्सलचं तोंड फार खाली होतं. पहिल्याच खडकावर आपटलं असतं.

"उलटा बसवू," व्हर्ल म्हणाला. "खालचं तोंड आपोआप वर!"

"चालेल असं?" मेव्हण्यानं, रॉइसनं, डोकं खाजवलं.

"अरे, आत सगळं गोल गोल असतं. गोलाला काय कळतंय वर कुठलं आणि खाली कुठलं!"

रॉइसला हे पटलं. रॉइसला काहीही पटतं. दोघांनी मिळून कापाकापी केली, वेल्डिंग केलं आणि शनिवारी सकाळी शेवटचं चाक चढवलं. चालवून बघायला वेळ कुणाला होता!

नेल्डा केस सेट करून, गरमागरम चीज-बटाट्यांचं भांडं मांडीवर घेऊन जीपमध्ये बसली. व्हर्लनं ऐटीत पहिला गियर टाकला, क्लच सोडला आणि...

धडाम! जीप मागच्या भिंतीवर. फळीवरचे रंगाचे डबे धडाधड खाली आले.

"चुकून रिव्हर्स पडला वाटतं," व्हर्ल म्हणाला आणि पुन्हा नीट बघून पहिला टाकला. पुन्हा धडाम!

"रिव्हर्स टाकून बघ!" रॉइस दारातून ओरडला.

व्हर्लनं रिव्हर्स टाकला. जीप शहाण्या मुलासारखी पुढे आली. व्हर्लच्या तोंडचं पाणी पळालं.

"ॲक्सल उलटा... म्हणजे चाकंही उलटी फिरणार," तो पुटपुटला.

"म्हणजे काय रे?"

"म्हणजे पुढे जायला एकच गियर, रिव्हर्सचा. मागे जायला चार."

"मग पुढच्या चाकांनाही जोर दे ना!" रॉइसनं अक्कल पाजळली.

"पुढची मागे ओढतील आणि मागची पुढे! जागच्या जागी रस्सीखेच खेळत बसू का?" व्हर्ल खेकसला. मग अगदी मऊ आवाजात म्हणाला, "नेल्डा, आपली साधी गाडी काढू?"

"काढ की. गॅरेज देतोस?"

"मुळीच नाही!"

"मग चल मुकाट्यानं. बटाटे निवतायत."

रिव्हर्स गियरमध्ये इंजिन बोंबलत होतं आणि जीप मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत होती. काठी टेकत चाललेला एक म्हातारा त्यांना मागे टाकून गेला, वर हात हलवून गेला. मेन स्ट्रीटवर ऑर्व्हिल पोलिसानं हात केला.

"एवढं हळू का, व्हर्ल?"

"पुढे जायला एवढाच गियर आहे, साहेब."

"आणि बाकीचे?"

"परत यायला."

ऑर्व्हिलनं नेल्डाकडे पाहिलं. नेल्डानं आभाळाकडे पाहिलं.

"मी दिवे लावून पुढे चालतो," तो म्हणाला. "नाहीतर एकेक चौक ओलांडायला तुम्हाला तास लागेल."

आता पुढे दिवे लावलेली पोलिसांची गाडी, मागे रांगत येणारी जीप, आणि जीपमध्ये गंभीर चेहऱ्याची बाई, मांडीवर चीज-बटाटे! मोआबमध्ये अंत्ययात्रा अशीच निघते आणि मयताच्या जेवणाला हेच बटाटे असतात. समोरून येणाऱ्या गाड्या अदबीनं कडेला थांबू लागल्या. माणसांनी हॅट काढून छातीशी धरल्या. चारदोन गाड्या तर हेडलाइट लावून मागोमाग निघाल्या.

"बघितलंस?" व्हर्लची छाती फुगली. तो राजासारखा दोन्ही बाजूंना हात हलवत होता. "लोक जीपला कसा मान देतायत!"

नेल्डा घड्याळ बघत होती.

चर्चपाशी पोचले तेव्हा लोक रिकामी भांडी घेऊन, तोंडं पुसत बाहेर पडत होते. व्हर्लनं इंजिन बंद केलं. तेवढ्यात मागच्या गाड्यांतली मंडळी उतरली. काळ्या कोटातल्या एका आजीबाईंनी व्हर्लचा हात हातात घेतला.

"धीर धर, बाळा. कोण गेलं?"

व्हर्लचे डोळे खरोखरच भरून आले.

नेल्डानं भांड्यावरचा कागद काढला, चमचा हातात घेतला आणि म्हणाली, "गॅरेज गेलं त्याचं. रडू दे त्याला. तुम्ही बटाटे घ्या!"