पोटातल्या कवळीचा केस रिपोर्ट

"असा केस रिपोर्ट लिहितो, की नाशिकचे सगळे सर्जन तोंडात बोटं घालतील!" डॉ. रविराजांनी आपल्या दवाखान्यात जाहीर करून टाकलं.

केस होतीच तशी! निफाडच्या रंगनाथकाकांची कवळी लग्नाच्या पंगतीत हरवली, म्हणून त्यांनी आचाऱ्याशी भांडण केलं होतं. ती निघाली त्यांच्याच पोटात! लाडवाबरोबर गेली होती. रविराजांनी पोट उघडून ती काढली. आता हे छापून आलं, की त्यांचं नाव आयुष्यात पहिल्यांदा छापील अक्षरांत झळकणार होतं.

पण ज्या वैद्यकीय मासिकात तो छापायचा, त्याच्या संपादक होत्या योगिनी मॅडम, आणि केस रिपोर्टमधली थापेबाजी बंद करायचा त्यांनी विडाच उचलला होता. घडलं ते क्रमानं लिहा, चुकलं तेही लिहा, पेशंटची ओळख लपवा, आणि त्याला काय वाटलं ते त्याच्याच शब्दांत द्या!

रविराजांनी सगळं पाळलं. म्हणजे जवळजवळ सगळं. आधी दोन वेळा काकांना 'गॅस आहे' म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवलं होतं, तेवढं मात्र जागेअभावी राहिलं.

मग त्यांनी काकांना बोलावलं. "काका, तुमचं नाव येणार नाही हं. फोटोत डोळ्यांवर काळी पट्टी. छापताना ओळख लपवायची, असा नियमच आहे."

"आँ? पोट माझं फाडलं अन् नाव तुमचं?"

"आणि तुम्हाला काय वाटलं, ते तुमच्या शब्दांत हवंय."

"ते देतो की! लय झकास देतो!"

काका खूश होऊन गेले. तिथेच रविराजांना शंका यायला हवी होती.

पेशंटचे शब्द मॅडमना स्वतः ऐकायचे होते. रविवारी रविराज त्यांना गाडीतून निफाडला घेऊन निघाले. गावच्या चौकात वळले आणि त्यांनी करकचून ब्रेक दाबला.

समोर भलामोठा फ्लेक्स! त्यावर गॉगल लावलेले रंगनाथकाका, खाली नाव, आडनाव, गाव. शेजारी रविराजांचा फोटो, आणि त्यांच्या डोळ्यांवर काळी पट्टी! अगदी पकडलेल्या पाकीटमारासारखे दिसत होते. वर ठळक अक्षरं होती: 'पहिल्यांदा गेलो, म्हणाले गॅस! दुसऱ्यांदा गेलो, म्हणाले गॅस! तिसऱ्यांदा निघाली कवळी! शुभेच्छुक: समस्त मित्रमंडळ.'

रविराजांच्या तोंडचं पाणी पळालं.

तेवढ्यात काका हसत हसत आले. "कसं वाटलं डॉक्टरसाहेब? तुमची वळख लपवली बरं का! नियम हाय ना?"

रविराजांची नजर मात्र त्यांच्या दातांवर खिळली होती. "काका... ही कवळी..."

"तीच! माझ्या बायकोनं, लंकानं, गरम पाण्यातून काढली. नवी कशाला?"

रविराज दोन पावलं मागे सरकले. मॅडम मात्र शांतपणे फ्लेक्सचा फोटो काढत होत्या.

"हे गॅसचं तुमच्या रिपोर्टमध्ये नाही, डॉक्टर?"

"जागा... जागा नव्हती, मॅडम."

"यांना बरी पुरली! क्रम आहे, चूक आहे, पेशंटचे शब्द आहेत. काकांचं नाव झाकून हाच मजकूर आपण नमुना म्हणून छापू. काका, चालेल ना?"

"माझंच नाव झाकायचं? बरं, पण मजकूर आख्खा छापा!"

"आख्खा छापू. आणि डॉक्टर, तुमची पट्टी काढून खाली पूर्ण नाव घालू ना?"

"नको, नको, मॅडम!" रविराज हात जोडून म्हणाले. "पट्टी राहू द्या. जमलं तर जरा रुंद करा!"