दोरापलीकडचे काका

आधीच सांगून टाकतो : माझ्या थोरल्या बहिणीचं, प्रयागताईचं, लग्न लागलं. थाटात लागलं आणि वऱ्हाड पोटभर जेवून परत गेलं. आता हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. पुढची सगळी गोष्ट 'लग्न लागतं की मोडतं' या काळजीवर उभी आहे. तुम्ही आत्ताच निश्चिंत झालात तर मी एकट्यानं किती काळजी करायची?

तर, ताईचं लग्न लागायचं होतं.

साल छत्तीस, महिना वैशाख. आमच्या बाबांनी, म्हणजे जगदेवरावांनी, गावात अक्षत वाटायचं काम माझ्याकडे दिलं. उंबऱ्यावर हळदीचे तांदूळ ठेवून 'लग्नाले या' म्हटल्याशिवाय आमच्या गावात कोणी मांडवाकडे ढुंकूनही बघत नाही. मी छाती ठोकून म्हणालो, "बाबा, एक घर सुटलं तं मिशा काढून टाकीन!" मला अजून मिशा नाहीत, त्यामुळे धोका फारसा नव्हता.

आणि घर सुटलं नाही! तीन दिवसांत एकशे बारा उंबरे केले. ज्या घराला कुलूप होतं तिथं कुलपावर तांदूळ ठेवले. पारावर कोणी परगावचा माणूस झोपला होता, त्याच्या उशाशीही ठेवले. तो दचकून उठला आणि आपल्यावर कोणी करणी केली असं समजून वाशीमच्या रस्त्यानं पळत सुटला. चप्पल अजून पारावरच आहे.

एक उंबरा तेवढा मी केला नाही. मारोतकाकांचा. काका म्हणजे बाबांचे धाकटे सख्खे भाऊ. घर एकच, मध्ये फक्त भिंत. अंगण तर पूर्ण एक. मांडवाचे खांब काकांनी रोवले, जांभळाच्या डहाळ्या काकांनी आणल्या. मांडवावर चढून बसलेल्या माणसाला 'मांडवात या' असं कुठल्या तोंडानं सांगायचं?

लग्नाच्या आदल्या सकाळी काका मांडवावरून उतरले, घरात गेले आणि धाडकन दार लावलं.

"काका! अर्धा मांडो उघडा राह्यला ना!" मी दाराला तोंड लावून ओरडलो.

"मले कोनं बलावलं?" आतून आवाज आला.

"म्हंजे?"

"साऱ्या गावाले अक्षत भेटली. कुलपाले भेटली. मले भेटली काय?"

"पण काका, तुमी तं घरचे..."

"चूल येगळी हाये ना आमची? दोन वर्सं झाली. चूल येगळी, तं अक्षत येगळी!"

मुद्दा बिनतोड होता. मी धावत घरात गेलो, मूठभर तांदूळ घेतले, धावत परत आलो. या खेपेला दार चतुराकाकूंनी उघडलं. माझी मूठ पाहून त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"आता आमी परके झालो व माय! सख्खा पुतन्या दारात अक्षत घिऊन आला!"

"काकू, काकाच म्हणून राह्यले होते..."

"ते म्हनतीन! मांगून भेटली ते काय अक्षत झाली? अन् तुह्या बापाले पाय नाहीत काय?"

म्हणजे न द्यावी तर अपमान, द्यावी तर परके, आणि मागितल्यावर द्यावी तर भीक! मी तांदूळ खिशात घातले आणि बाबांकडे गेलो.

"मी थोरला आहो," बाबा म्हणाले. "थोरल्यानं धाकल्याच्या दारात जाचं? जमत नाही! त्याले यायचं तं यील, नाही तं बसन घरात."

काका घरात बसले नाहीत, हीच तर पंचाईत झाली. संध्याकाळी ते बाहेर आले ते हातात दोर घेऊन. अंगणाच्या बरोबर मधोमध, मांडवाच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत, कमरेइतक्या उंचीवर त्यांनी दोर ताणला आणि बैलाला बांधतात तशी गाठ मारली.

"तिकडलं तुमचं, इकडलं आमचं. आमच्या अर्ध्यात कोनी पाय ठेवाचा नाही."

बोहलं नेमकं दोराखाली आलं. ताई हळदीच्या अंगानं दारात आली आणि बघत राहिली.

"इंद्रभान, म्हंजे मी इकडे उभी राहीन. अन् नवरदेव?"

"तो काकाच्या अर्ध्यात."

"अन् काका?"

"काका येत नाही म्हनते."

ताईचे डोळे भरले. लहानपणी काकांच्या खांद्यावर बसून तिनं वाशीमजवळच्या मालेगावचा सगळा बाजार पाहिला होता. "काका नसन मांडवात, तं मले नाही लगन कराचं," ती म्हणाली आणि आत गेली. थट्टा संपली होती.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना मालेगावचं वऱ्हाड आलं. दहा दमण्या, वीस बैल आणि एक व्याही : रामकिसनजी. त्यांचा आवाज असा की बोलले की बैल आपोआप चालू लागत. मुहूर्त गोरजाचा, म्हणजे अर्ध्या तासावर. नवरदेव मांडवाकडे निघाला, तर दोरापलीकडे बाज टाकून काका बसलेले!

"कोन तुमी?" काकांनी विचारलं.

"मी नवरदेवाचा बाप!" रामकिसनजी गरजले.

"मंग तिकडे जा. इकडे काही लगन नाही."

रामकिसनजींचा फेटा थरथरला. "जगदेवराव! आमच्या नवरदेवानं उभं कोठी राहाचं? आभायात? जुपा रे बैल, वापस चाला!"

गाडीवाले उठले! बाबा खांबाला धरून उभे राहिले. तो खांब तेवढा आमच्या बाजूचा होता. आणि माझ्या डोक्यात, देवाशपथ, पहिल्यांदाच काहीतरी चमकलं. मी रामकिसनजींना बाजूला घेतलं.

"व्याहीबुवा, तुमच्या दमणीत अक्षत उरली हाये काय?"

"हाये. काहून?"

"काकाचं भांडन आमच्यासंगं हाये. तुमच्यासंगं कोठी हाये? तुमी द्या!"

माणूस मोठा समजूतदार. वाजंत्री पुढे घालून ते काकांच्या उंबऱ्यावर गेले, तांदूळ ठेवले, हात जोडले. "मारोतराव, आमच्या पोराचं लगन हाये. घरच्या समद्याइले घिऊन या."

काकांनी गंभीरपणे विचारलं, "कोठी हाये लगन?"

"इथीच. तुमच्या अंगनात."

"पाहतो. टाइम भेटला तं येतो," असं म्हणून काका आत गेले आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत नवा फेटा बांधून बाहेर आले.

सुटलो, असं मला वाटलं. पण काका आता नवरदेवाकडचे झाले होते! आणि साधे वऱ्हाडी नव्हे, अख्ख्या वऱ्हाडात सर्वांत कडक.

"पाय धुवाले पानी नाही? रामकिसनजी, सोयरीक करताना या लोकाइची चौकशी नाही केली काय?"

बाबा तांब्या घेऊन आले. मुलीचा बाप, करतो काय! थोरला भाऊ धाकट्यापुढे वाकला आणि दातओठ खात म्हणाला, "द्या पाय, व्याहीबुवा."

"पानी थंडं हाये."

"वैशाख हाये, मारोत!"

"मारोतराव म्हना."

बाबांनी पाय ओढला, आणि थांबले. टाच सुजली होती.

"हा काटा कवा भरला?"

"खांब आनताना."

"सांगतलं काहून नाही?"

"कोनं पुसलं?"

बाबांनी नखानं काटा काढला, जागा चोळली आणि पुन्हा पाणी घातलं. काकांनी या खेपेला पाण्याबद्दल तक्रार केली नाही.

भटजींनी अंतरपाट सरळ दोरावरच वाळत घातला आणि तो कमरेइतकाच आला म्हणून नवरा-नवरीला डोळे मिटायला सांगितलं. धरणारी दोन माणसं वाचली, म्हणाले. मंगलाष्टकं झाली, अंतरपाट उतरला, दोर तसाच. दोरावरून हार घातले गेले. मग ताई दोराखालून वाकून पलीकडे गेली, नवरदेवाकडच्या थोरांच्या पाया पडायला. रांगेत पहिले काका! तिनं डोकं टेकवलं. वरपक्षानं इथं हसून आशीर्वाद द्यायचा असतो.

"माय वं," काकांचा बांध फुटला, "तू कोठी चालली?"

असे रडले की वाजंत्रीवाल्यांनी वाजवणं बंद केलं. नवरी सोडून वरपक्षच रडतो आहे, हे पाहून रामकिसनजी घाबरले. काका रडत रडतच दोर सोडायला गेले. गाठ सुटेना! शेवटी विळा आणून त्यांनी दोर कापला.

"गाठ सोडता येत नाही, अन् मांडो वाटून घेते!" बाबा म्हणाले, आणि दोघंही एकाच उपरण्याला नाक पुसू लागले. त्या पंगतीत मी अकरा पुऱ्या खाल्ल्या.

वऱ्हाड निघालं तेव्हा काका ताईच्या शेजारी दमणीत चढून बसले. "वऱ्हाडी आहो मी. वऱ्हाडासंगं जाईन!" तिच्या सासरी जाऊन आज आठ दिवस झाले. तिथं ते मुलीकडचे झाले असून रामकिसनजींना धारेवर धरत आहेत, असं कळतं.

सबब, मेहेरबान तहसीलदार साहेब, वाशीम, यांचे सेवेशी अर्ज सादर की, अर्जदाराचे काका मारोतराव हे वधूपक्षाचे की वरपक्षाचे, याची सरकारी चौकशी होऊन सही-शिक्क्याचा दाखला मिळावा. अर्जदाराच्या स्वतःच्या लग्नाचा विचार चालू असून, काकांनी मालेगावहून निरोप धाडला आहे की या खेपेला ते मुलीकडून येणार. हुजूर, मुलगी अजून ठरलेली नाही. ती ठरण्यापूर्वी दाखला मिळण्याची मेहेरबानी व्हावी.