सातवा भाग शेवटी

भुताच्या सिनेमांच्या क्रमावरून बापलेकीत भांडण होतं, असं मला कोणी सांगितलं असतं, तर मी आधी त्याला पाणी दिलं असतं. (मी अमरावतीत एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. आलेल्याला पाणी आणि न आलेल्या पुस्तकाला स्मरणपत्र, एवढंच माझं काम.)

ही, म्हणजे माझी बायको, गेल्यानंतरची पहिली दिवाळी होती. जुलैत ताप आला, दवाखान्यात नेलं आणि आठवडा व्हायच्या आत सगळं आटोपलं. वर्ष होईपर्यंत घरात सण नाही. तळण नाही, आकाशकंदील नाही; लोक फराळ घेऊन भेटायला येणार आणि आपण बसून राहायचं. माझी मुलगी वर्षाली रजा काढून पुण्याहून आली होती. आजवर आमच्या दोघांचं बोलणं हिच्यामार्फत चालायचं. बाबांना विचार, तिला सांग. आता आम्ही सोफ्याच्या दोन टोकांना, एकाच दिवशी बदलून आलेल्या दोन कर्मचाऱ्यांसारखे बसलो होतो. या सुट्टीत पोरगी बोलती झाली नाही, तर पुढे फोनवर 'जेवलात का' आणि 'जेवलो' एवढंच उरणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

म्हणून मी म्हणालो, तुझ्या आईचे ते भुताचे सिनेमे पाहायचे का?

हिला ती चित्रपटमालिका फार आवडायची. वीस वर्षांत सात भाग निघाले. (नाव सांगत नाही. सांगण्यासारखं नाही.) नवऱ्यानं विहिरीत ढकललेली एक बाई पहिले पाच भाग सूड घेत फिरते आणि सहाव्यात शांत होते. सातव्यात निर्माता गोष्टीत मागे, ती मरण्याआधी गेला आहे. तिचं लग्न, तिचा संसार, तिचं स्वयंपाकघर. म्हणजे सातव्यात ती जिवंत आहे, शेवटची पाच मिनिटं सोडली तर. हिनं सहा भाग टीव्हीवर लागतील तसे, पोळ्या लाटता लाटता, कुठूनही पाहिले. सातवा तिचा राहिलाच.

वर्षालीचा चेहरा जरा उजळला. मी तिथंच थांबायला हवं होतं. पण आयुष्यभर पुस्तकांना क्रमांक चिकटवलेला माणूस. मी विचारलं, "क्रम कसा ठेवायचा?"

ती म्हणाली, सातवा आधी. जे आधी घडलं ते आधी. मी म्हणालो, जसे निघाले तसे पाहायचे, सातवा शेवटी. मी आवृत्त्या, खंड, परिशिष्टं यांवर बराच वेळ बोललो. खरं कारण वेगळं होतं. मला शेवटी ती बाई चालती-बोलती दिसायला हवी होती. ती शेवटची पाच मिनिटं काही अडचण नव्हती. रिमोट माझ्याच हातात असणार होता.

"बाबा, तिचं पुढे काय होणार हे माहीत असताना तिला जिवंत पाहणं मला नाही जमणार," वर्षाली म्हणाली.

मी पुन्हा परिशिष्टांकडे वळलो.

तेवढ्यात अकोल्याहून मनकर्णाताई राहायला आली. माझी थोरली बहीण. तिनं चिवड्याचा डबा ठेवला, वाद ऐकून घेतला आणि निकाल दिला. "सहावा लाव पहिले. बाईले एकदाची शांती भेटली हे पायलं, का मंग बाकीचे आरामात पाहू." पुढच्या भागात ती परत येईल की, असं मी म्हणालो. "येऊ दे. आपल्याले तं मालूम राहीन ना, का तिचं चांगलं होते." शिवाय दिवेलागणीनंतर घरात भूत चालणार नाही, जे काय आहे ते दुपारी, अशी तिची अट.

अखेर वर्षाली "करा तुमचंच" असं म्हणाली. अगदी आईच्या आवाजात. मी जिंकलो. (आमच्या घरात मी जिंकलो की सगळेच उठून आत जातात.)

भरदुपारी पडदे ओढून आम्ही पहिला भाग लावला. एवढ्यात शेजारचे खुशालराव भेटायला आले. हिच्या वेळी ते मुलाकडे हैदराबादला होते, त्यामुळे त्यांचं भेटणं राहिलं होतं. बंद पडदे आणि आतून बाईचा आक्रोश ऐकून त्यांनी बाहेरच चेहरा उतरवला असावा. वर्षालीनं घाईघाईत सिनेमा थांबवला, तो नेमका बाई छताला उलटी लटकत असताना. आम्ही सगळे तिच्यासमोर गंभीरपणे बसलो.

"लय चांगली होती," खुशालराव त्या लटकत्या बाईकडे बघून म्हणाले. मग हळूच, "पण एकदम असं झालं काय?"

मनकर्णाताईचा जीव अजून सिनेमातच होता. "नवऱ्यानं ढकललं विहिरीत," ती म्हणाली.

खुशालराव माझ्याकडे बघू लागले. आमच्याकडे विहीर नाही, बोअर आहे, हे सांगावं की नाही ते मला ठरवता येईना. मागून वर्षालीचं हसू फुटलं, आणि ते हसू कुठल्या क्षणी रडणं झालं ते कोणालाच कळलं नाही. खुशालराव चहा न घेता गेले.

पण त्यानंतर ती बोलू लागली. रोज दुपारी, सिनेमा चालू असताना. आई इथं पोळपाट घेऊन बसायची, इथं मला डोळे झाक म्हणायची आणि स्वतः बोटांच्या फटीतून बघायची. सहावा भाग झाला, बाई शांत झाली, मनकर्णाताईनं पडद्याला हात जोडले.

शेवटच्या दिवशी सातवा. संध्याकाळी वर्षालीची पुण्याची ट्रॅव्हल्स होती. मी जेवून, हात धुऊन, रिमोट घट्ट धरून बसलो. लग्नाची वरात आली. नवरी उंबऱ्यावर उभी राहिली.

डोळे उघडले तेव्हा पडद्यावर फक्त विहीर होती आणि तिच्यावरून पांढरी नावं सरकत होती. रिमोट वर्षालीजवळ होता. तिचे डोळे सुजलेले. ती बॅगेची चेन लावत होती.

"जिवंत होती ना ती?" मी विचारलं.

"होती ना," मनकर्णाताई म्हणाली. "पुरे दोन घंटे. सैपाक केला, सण केले, तुले सांगतो, लय गोड होती. तू घोरून राह्यला होता."

मी वर्षालीला म्हणालो, परत लाव. तिनं घड्याळाकडे पाहिलं.

"काहून परत?" मनकर्णाताईनं डब्याचं झाकण लावलं. "मेल्यावरचे सहाच्या सहा तं डोळे फाडून पायले न तुनं."