एका बाजूला ओरिजिनल

"पहिलटकरीण हाय आमची सून. तुमच्या त्या उसळणाऱ्या गाडीत म्या तिला न्हाय बसवायची," असं बेंबळीच्या विहीणबाईंनी फोनवर ठणकावलं आणि कळंबचे बलभीमराव भरल्या ताटावरून उठले.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे तर ठरलेलंच होतं. एकुलत्या एका लेकीसाठी, अर्पितासाठी, धुरपदाबाईंनी डिंक आणि खारका केव्हाच आणून ठेवल्या होत्या. भाड्याची गाडी न्यावी, तर "स्वतःची असून भाड्याची आणली" असं बेंबळीत चार तोंडी झालं असतं. शेवटी विहीणबाईंनीच तोड काढली. "रविवारी गाडी आणा. आधी म्या बसून बघते, मग पाठवायचं का न्हाय ते ठरवते."

गाडी अठरा वर्षांची होती. तिचे मागचे दोन्ही शॉकअप कामातून गेले होते. रस्त्यातल्या काडेपेटीवरून चाक गेलं, तरी आत किती काड्या शिल्लक आहेत ते मागे बसणाऱ्याला कळायचं. बलभीमरावांनी गाडी पाशामियाँच्या गॅरेजला लावली. पाशामियाँनी लगेच नवी जोडी आणली.

"बाहेरच्या कंपनीची हाय, सर. पन ओरिजिनलला भारी. ओरिजिनलमधी नुसता खोका चांगला असतो."

पण त्याच दुपारी धुरपदाबाईंचा भाऊ रणधीर धाराशिवहून ओरिजिनलची जोडी काखेत मारून हजर झाला.

"दाजी, डुप्लिकेट मालावर माझी भाची बसवणार व्हय?"

"डुप्लिकेट कुनाला म्हनता?" पाशामियाँ पाना घेऊनच उठले. "बाहेरचा म्हंजे नकली न्हाय!"

बलभीमराव पेचात पडले. पाशामियाँना नाही म्हणावं, तर वीस वर्षांपासूनचा मिस्त्री रुसणार. रणधीरला नाही म्हणावं, तर घरात स्वयंपाक करणारी रुसणार. मात्र त्यांनी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं, आणि अशा माणसाला अडचणीत प्रयोग सुचतो.

"एका बाजूला ओरिजिनल बसवा, दुसऱ्या बाजूला बाहेरचा. तुलना करू. जो सरस निघंल, त्याचा जोडीदार रविवारच्या आधी बसवू."

"सर, दोन्ही बाजू सारख्या लागतात. गाडी लंगडंल."

"लंगडली तर कुठल्या पायानं, ते तरी कळंल."

शनिवारी प्रयोग झाला. धुरपदाबाई मागच्या सीटवर मधोमध बसल्या. दोन्ही हातांत पाण्यानं काठोकाठ भरलेले पेले. बलभीमरावांनी गाडी येरमाळ्याच्या रस्त्याला काढली. जाताना डावा पेला सांडला. येताना उजवा सांडला.

"म्हणजे काय सिद्ध झालं?" बलभीमरावांनी वही उघडून विचारलं.

"माझी साडी भिजली, एवढं सिद्ध झालं," धुरपदाबाई म्हणाल्या.

जाताना जे खड्डे डावीकडे होते तेच येताना उजवीकडे आले, हे वहीत चार ओळी लिहून झाल्यावर बलभीमरावांच्या लक्षात आलं. मग गॅरेजसमोर गाडी उभी करून, पाशामियाँ आणि रणधीरच्या देखत त्यांनी डिकीचे दोन्ही कोपरे एकेक करून दाबून पाहिले. डावा कोपरा दबला आणि गपकन जागेवर आला. उजवा वर गेला, खाली आला, परत वर गेला. बलभीमरावांना हायसं वाटलं.

"डावा चांगला. डावीकडं कोणता बसवलाय?"

"ओरिजिनल!" रणधीर म्हणाला.

"आपला!" पाशामियाँ म्हणाले.

"अहो, बसवला तुम्हीच ना?"

"व्हय, पन म्या गाडीखाली उताणा पडलो व्हतो. डोकं पुढं व्हतं का मागं, आता कसं आठवंल?"

तिघांनी खाली वाकून पाहिलं. दोन्ही शॉकअप चिखलानं माखले होते. फडक्यानं पुसल्यावर चिखलाबरोबर स्टिकरही निघून आले. रणधीरनं डाव्यावर बोट ठेवलं, "ह्यो आपला." पाशामियाँनीही त्याच डाव्यावर बोट ठेवलं, "ह्योच आपला." उजव्याला कुणीच आपला म्हणायला तयार होईना. "दोन्ही एकाच जोडीचे बसवा," असं बलभीमरावांनी सुचवताच, कुठल्या जोडीचे, यावरून पुन्हा जुंपली. अंधार पडला, गॅरेजचं शटर खाली आलं, आणि बलभीमराव होते तसे घरी परतले. रात्री त्यांना घास गेला नाही. लेक दारातून परत आत जाते आहे, हेच सारखं डोळ्यांपुढे येत होतं.

रविवारी सकाळी बेंबळीत त्यांचा बेत एवढाच होता, की विहीणबाईंना डावीकडे बसवायचं. विहीणबाई, म्हणजे गिरिजाबाई, घराबाहेर आल्या त्या कंबरेवर हात ठेवून, अर्ध्या वाकून.

"महिना झाला, उसण भरलीया. सरळ उभं राहता येईना. वैद्य झाले, डाक्टर झाले."

बलभीमरावांनी लगबगीनं डावं दार उघडलं. तोवर गिरिजाबाई उजव्या दारातून आत बसल्याही होत्या.

"विहीणबाई, इकडं या की, ही बाजू बरी हाय."

"वाकायचं एकदाच, पाव्हणं. चला."

बलभीमरावांनी गाडी अंडी नेल्यासारखी चालवली. वेशीपर्यंत सगळं सुरळीत झालं. पण वेशीपुढे लोकांनी हौसेनं घातलेला एक गतिरोधक होता. मागचं चाक त्यावरून उतरलं, गाडी उजव्या अंगाला उसळली आणि मागून कडकन आवाज आला.

"आई गं!"

बलभीमरावांनी ब्रेक मारला. आता कशाची लेक अन् कशाचं माहेर, असं त्यांच्या मनात आलं. त्यांना रडूच फुटायचं बाकी होतं. मागे बघायची त्यांची हिंमत होईना. दार उघडल्याचा आवाज आला.

"चुकलं विहीणबाई," ते समोर बघतच म्हणाले. "हा शॉकअप उद्याच्या उद्या काढून टाकतो."

"हात तर लावून बघा त्याला!"

बलभीमरावांनी वळून पाहिलं. गिरिजाबाई रस्त्यावर ताठ उभ्या होत्या. त्यांनी डावीकडे वळून पाहिलं, उजवीकडे वळून पाहिलं, खाली वाकून दगड उचलला आणि लांब भिरकावला.

"कुठल्या कंपनीचं म्हणायचं हे?"

"त्याचीच चौकशी चाललीय," बलभीमराव खरं तेच बोलले.

घरी येताच गिरिजाबाईंनी सुनेला हाक मारली. "अर्पिता, पिशवी भर. जायचंय कळंबला." बलभीमरावांचे डोळे भरून आले. तेवढ्यात आतून पुढचं वाक्य आलं. "अन् माझी पन भर. उसण पुरती निघस्तोवर म्या बी तिकडंच ऱ्हाते."

परतीच्या वाटेवर डावीकडे अर्पिता गाढ झोपली होती. उजवीकडे गिरिजाबाई पदर खोचून, सीट घट्ट धरून बसल्या होत्या. बलभीमराव जीव मुठीत धरून एकेक खड्डा टाळत होते. धाराशिव मागे पडलं, तसा त्यांच्या खांद्यावर मागून हात पडला.

"पाव्हणं, माझ्या बाजूचे खड्डे कशाला चुकवताय?"