आमच्याकडे रविवारी आवाज चालत नाही

रविवारी सकाळी मी भिंतीत खिळा ठोकायला घेतला आणि दुसऱ्याच ठोक्याला हसनभाई दारात हजर.

"देसाईसाहेब, खलास! हातोडा ठेवा. आमच्याकडे रविवारी आवाज चालत नाही."

हसनभाई मुकादम मूळचे दापोलीचे. तीस वर्षं शारजात, त्यातली दहा माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये. दापोलीत रविवारी खिळे ठोकायला बंदी असल्याचं माझ्या ऐकिवात नव्हतं. पण त्यांचं 'आमच्याकडे' म्हणजे जर्मनीतलं एक टीचभर गाव. त्यांची एकुलती एक लेक नाझनीन तिथल्या इस्पितळात नर्स आहे. हसनभाईंनी ते गाव डोळ्यांनी पाहिलेलं नाही, आणि त्याचं नाव ते दर वेळी वेगळंच घेतात.

बाकी सगळं तोंडपाठ. गावाच्या तीन बाजूंना नदी, चौथ्या बाजूला जुनी तटबंदी. एकदा म्हणे अख्खं गाव आगीत जळालं, चौकातलं कारंजं तेवढं वाचलं. हे ते असं सांगतात, की बादली घेऊन स्वतः धावले असावेत. नगरपालिकेचं इतिवृत्त मोबाइलवर भाषांतर करून वाचतात आणि लिफ्टमध्ये मला गाठतात. "चौकात पार्किंग करायचं म्हणतायत. आपला सक्त विरोध आहे!" तिकडे नदी चार बोटं चढली की इकडे यांचं जेवण सुटतं.

त्याच चौकात नगरपालिकेने कॅमेरा लावलाय. त्याचं चित्र कुणालाही मोबाइलवर दिसतं. रोज आपल्या नऊला, तिकडच्या सातला, एक लाल जाकीट चौक ओलांडतं. दिसतं तिळाएवढं. लाल जाकीट हसनभाईंनीच लेकीला इथून घेऊन दिलेलं. "गेली बघा ड्यूटीवर," असं म्हटल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरत नाही. नाझनीनला यातलं काही माहीत नव्हतं. कळलं तर रागावेल, ही आणखी एक काळजी.

गेल्या शनिवारी लाल जाकीट आलंच नाही.

साडेनऊला हसनभाई माझ्या सोफ्याच्या कडेवर टेकले होते. हातात मोबाइल, त्यावर चौक.

"अहो, फोन लावा की."

"ड्यूटीवर असेल तर डिस्टर्ब होईल."

"आणि नसेल तर?"

एरवी मी त्यांची टिंगल करतो, पण त्या वेळी मीही घाबरलो. मीच फोन लावला, स्पीकरवर.

"हाय अंकल!" नाझनीन ठणठणीत होती.

हसनभाईंनी फोन हिसकावला. "बेटा, आज चौकातून गेली नाहीस?"

"कुठला चौक? अब्बा, आय मूव्ह्ड! दोन महिने झाले. पुलापलीकडे राहते, नदीजवळ. तुम्ही वरी कराल म्हणून नाही सांगितलं."

"आणि लाल जाकीट?"

"ते टू थिन होतं, अब्बा. मी इथे ब्लू घेतलं."

आता नदीवरून रामायण होणार म्हणून मी पाण्याचा ग्लास पुढे केला. तो हसनभाईंनी घेतला नाही. दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर चौक तसाच रिकामा होता.

"बेटा," ते हळूच म्हणाले, "एक लाल जाकीटवाली रोज सातला इथून जाते. आज गेली नाही. जरा चौकात जाऊन कुणाला तरी विचारशील? तिच्या अब्बाला अजून माहीत नसेल गं."