अडईंचे वकील

केलगेरी तळ्याच्या रस्त्यावर सत्तरीचा एखादा गृहस्थ काळा कोट चढवून, दोन्ही हात पसरून रिक्षा अडवताना दिसला, तर घाबरू नका. ते आमचे शेजारी वेंकूअण्णा. वकिली सोडून बरीच वर्षं झाली. हल्ली त्यांच्याकडे एकच पक्षकार उरलाय, अडई.

अडई म्हणजे शीळ घालत उडणारं तपकिरी रानबदक. बदक असून झाडावर घरटं करतं. अण्णांच्या अंगणातल्या आंब्याच्या ढोलीत दर पावसाळ्यात एक जोडी बिऱ्हाड थाटते. मग अण्णा खाली खुर्ची टाकून भेटेल त्याची उलटतपासणी घेतात. बायको माहेरी गेल्याचं मी एकदा बोलून गेलो.

"पोरांचं कोण बघतंय मग? अडईचा नर बघा की! आळीपाळीनं अंड्यांवर बसतोय. तुम्ही काय करताय, सांगा!"

तेव्हापासून मी मागच्या दारानं ये-जा करतो.

अंड्यातून बाहेर आलेली पिलं एक-दोन दिवसांत झाडावरून सरळ उड्या टाकतात. अंगानं हलकी, त्यांना लागत नाही. पण अण्णांना हे कोण पटवणार! यंदा त्यांनी घरातल्या सगळ्या गाद्या झाडाखाली रचल्या. सगळ्यांत वर पद्माची, गुलाबी फुलांची. पद्मा त्यांची एकुलती मुलगी, कॅनडात असते. तिच्या गादीवर ते पाहुण्यालाही टेकू देत नाहीत.

सकाळी खालून आईनं शीळ घातली आणि पिलं टपाटप पडली, एकजात गाद्यांच्या बाहेर, चिखलात. उठली आणि चालू लागली. पुढे आई, मागे बाप, त्याच्या मागे काळ्या कोटात अण्णा. तळं रस्त्यापलीकडे.

"निल्लरी! निल्लरी!" थांबा, थांबा म्हणून अण्णा कानडीत गरजले. रिक्षा थांबल्या, बसही थांबली.

"कोट कशाला हो, अण्णा?" मी मागून येत विचारलं.

"कोटाला ड्रायव्हर भितोय."

शेवटचं पिलू पाण्यात उतरलं, तरी अण्णा काठावरून हलेनात.

"पोचली की सगळी. चला आता," मी म्हटलं.

"पद्मा गेली तेव्हा मी स्टेशनवर गेलो नव्हतो," ते पाण्याकडे बघत म्हणाले. "जाऊ नको म्हणालो, ऐकली नाही. कोर्टात तारीख आहे म्हणून सांगितलं, हाच कोट घातला आणि बाहेर पडलो. तारीख नव्हती हो."

मी त्यांच्याबरोबर परत निघालो.

घरी आल्यावर अण्णांनी आधी कोट काढला, मग पद्माच्या गादीला हात घातला.

"दुसरं टोक धरा की. मळायला नको. येईल ती."