थेल्माचं शेवटचं पुडिंग

“हात लावू नकोस, नेव्हिल. पुडिंग आहे ते, ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स नाही.”

थेल्माचा हा आवाज नेव्हिलने पहिल्यांदा ऐकला, तेव्हा तो गुलंबा गावात नवा जावई म्हणून आला होता. डोक्यावर केस होते, अंगात उमेद होती, आणि पुडिंगच्या कापडाची गाठ धरून सासूचं मन जिंकावं एवढाच भाबडा बेत होता. सासूने लाकडी चमचा त्याच्या बोटांवर हलकेच मारला. त्यानंतर किती उन्हाळे आले, किती नाताळ आले, गव्हाची किती पिकं निघाली. नेव्हिलने त्या पुडिंगला पुन्हा बोट लावलं नाही.

या वर्षी मात्र ती वेळ आली. थेल्माने ऑक्टोबरात नेहमीसारखं नाताळचं मनुक्यांचं पुडिंग केलं, तासन् तास उकळलं, कापडात घट्ट बांधून लेकीच्या घरामागच्या शेडमध्ये आढ्याला टांगलं, आणि पंधरवडा उलटायच्या आत ती गेली. कुणाला काही सांगून गेली नाही. पुडिंग तेवढं मागे राहिलं, आढ्याला लटकत, वारा नसतानाही जरासं डोलत.

नेव्हिलची बायको ग्लेनिस रोज सकाळी चहाचा कप घेऊन शेडमध्ये जायची आणि त्याच्याकडे बघत चहा प्यायची.

“आईच्या हातचं आता एवढंच उरलंय, नेव्ह,” ती एकदा म्हणाली. “याचं काही बरंवाईट झालं ना, तर मी पुन्हा नाताळ करणार नाही. कुणी कुठे जेवायचं ते जेवा.”

“पुडिंगची काळजी तू माझ्यावर सोड,” नेव्हिल छाती काढून म्हणाला. “अख्ख्या गावाचं अग्निशमन दल सांभाळतो मी. एक पुडिंग सांभाळता येणार नाही?”

ग्लेनिसने त्याच्याकडे पाहिलं.  लग्नाला एवढी वर्षं झाली की बायका काही बोलत नाहीत, नुसतं बघतात; आणि त्या बघण्यात सगळं येतं.

डिसेंबर, म्हणजे इथला ऐन उन्हाळा, पेटला. शेडचा पत्रा दुपारी असा तापे की वरून चालणारा कावळा पाय बदलत नाचायचा. पुडिंगच्या कापडाला घाम फुटला. मग एका कोपऱ्यात वाटाण्याएवढा हिरवा ठिपका दिसला, आणि नेव्हिलने पुडिंग आढ्यावरून उतरवलं. शेडमधला फ्रिज उघडून पाहिला, तर आत हॅमची तंगडी, कोळंबीच्या पिशव्या आणि बिअर अशी दाटी, की मुंगीला आत शिरायचं तर तिला आधी कुणाला तरी बाहेर काढावं लागलं असतं.

गावात सगळ्यांत थंड फ्रिज होता तो अग्निशमन दलाच्या शेडमधला. नेव्हिलने पुडिंग गाडीत पुढच्या सीटवर ठेवलं आणि त्याला पट्टा लावला. जिवंतपणी सासूला त्याने एवढ्या हळू कधी नेलं नव्हतं.

आता त्या फ्रिजचा एक नियम होता. डिसेंबरात त्यात नाव न घालता ठेवलेली वस्तू दलाच्या नाताळच्या सोडतीची समजायची. गावातली माणसं कुणी केक ठेवत, कुणी मुरांबा, कुणी कोंबडी. त्याची मोठी टोपली भरायची आणि चिठ्ठी निघेल त्याला द्यायची. हा नियम फ्रिजच्या दारावर लाल रंगाने लिहिला होता, आणि तो लिहिणारा नेव्हिलच होता. पण थेल्माच्या पुडिंगवर नाव कशाला घालायचं? ते तर सगळ्या गावाला चेहऱ्याने ओळखू येतं, असं म्हणून तो निश्चिंतपणे घरी आला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दलाचा बंब भोंगा वाजवत गावभर फिरला. बंबावर लाल लोकरी अंगरखा आणि कापसाची दाढी लावून सांता बसला होता आणि पोरांवर गोळ्या उधळत होता. हा सांताही नेव्हिलच. अंगरख्याच्या आत त्याची अवस्था उकडायला टाकलेल्या बटाट्यासारखी झाली होती. शेवटी पबसमोर सोडत निघाली. लोकर विकणाऱ्या डल्सी बॉट्रेलचं नाव आलं. घामाने दाढी सरकून डोळ्यांवर आलेली, अशा आंधळ्या अवस्थेत नेव्हिलने तिच्या हातात टोपली दिली आणि म्हणाला, “जड आहे, डल्सी. जपून ने.”

चोवीस तारखेच्या सकाळी तो पुडिंग आणायला गेला. फ्रिज उघडला. आत एक लिंबू होतं.

त्याने डोकं आत घातलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं.

“काय हरवलं?” मागून आवाज आला. त्याचा सासरा क्लॅरी शेडच्या दाराशी आपल्या खुर्चीवर बसला होता. कधीकाळी तोच दलाचा प्रमुख होता. आता बायको गेल्यापासून घर खायला उठायचं, म्हणून सकाळ-संध्याकाळ इथे येऊन बसायचा.

“काही नाही, बाबा. बर्फ बघत होतो.”

“बर्फ वितळतो,” क्लॅरी म्हणाला आणि रस्त्याकडे बघत राहिला.

नेव्हिल धावतच डल्सीच्या दुकानात शिरला.

“पुडिंग? होतं की,” डल्सी म्हणाली. “गोल, कापडात बांधलेलं. पण आमच्या ह्यांना साखर. मी ते कालच म्हाताऱ्यांच्या आश्रमात दिलं. पुण्य लागेल म्हटलं.”

“कुणाला लागेल?” नेव्हिलने क्षीण आवाजात विचारलं.

आश्रमात नाताळचं जेवण एक दिवस आधीच असायचं. नेव्हिल पोचला तेव्हा टेबलांवर कागदी टोप्या घातलेले म्हातारे पेंगत होते आणि रिकाम्या ताटल्यांत कस्टर्ड वाळत होतं. भिंतीवरच्या पंख्याने कुणाची तरी टोपी उडवून मनुक्यांच्या चुऱ्यात नेऊन टाकली होती.

“पुडिंग संपलं?” त्याने विचारलं.

“संपवलं,” एक आजीबाई म्हणाल्या. “संपत नव्हतं, पण संपवलं. विटेला मनुके लावले होते कुणीतरी.”

“असं नका हो बोलू.”

“का? तू केलं होतंस?”

“माझ्या सासूने केलं होतं. ती आता नाही.”

“हे खाऊन गेली का?” शेजारच्या आजोबांनी सहानुभूतीने विचारलं.

नेव्हिल बाहेर आला आणि निलगिरीच्या झाडाखाली बसला. झाडाची सावली फाटक्या चादरीसारखी होती, ओढून घ्यावी तर अंगावर येत नव्हती. थेल्माचे ऑक्टोबरातले हात त्याला आठवले, सुरकुतलेले, पिठाने पांढरे. ज्या हातांना ग्लेनिस रोज सकाळी चहाच्या कपावरून भेटत होती, ते हात आता वीट म्हणून खाल्ले गेले होते. हे बायकोला सांगायचं कोणत्या तोंडाने?

नाहीच सांगायचं, असं त्याने ठरवलं. आणि तिथून पुढे त्याचं जे काही बरं व्हायचं होतं, तेही बिघडलं.

दुकानांतली पुडिंगं संपली होती. पेट्रोल पंपावर, इंजिन तेलाच्या डब्यांशेजारी, प्लॅस्टिकच्या वाडग्यातलं एक शेवटचं मिळालं. घरी आणून त्याने ते कपाटातल्या एका जुन्या उशीच्या अभ्र्यात बांधलं, वरून पीठ चोळलं आणि गाठ मारली. गाठ मारताना त्याने मागे वळून पाहिलं. चमचा कुठून येईल याचा नेम नव्हता.

मग आठवली नाणी. राजाच्या छापाची चांदीची जुनी नाणी थेल्मा दर वर्षी पुडिंगमध्ये घालायची. ज्याच्या तुकड्यात नाणं, त्याचं वर्ष चांगलं. जेवणानंतर ती सगळी परत गोळा करून, धुऊन ठेवायची. यंदाची सगळी नाणी पुडिंगबरोबरच गेली होती. हल्लीची नाणी उकळली तर हिरवी पडतात. नेव्हिलने शेडमधला खिळ्यांचा डबा उपसला आणि त्यातून बोल्टला लावायचे स्टीलचे वॉशर काढले. चांगले घासून घेतले. एका बाजूलाच खुपसले, म्हणजे ती बाजू आपल्या ताटात घेता येईल. चमकणारं काही दिसलं की लांबून दाखवायचं आणि खिशात टाकायचं. स्वतःच्या हुशारीने त्याला क्षणभर गहिवरून आलं.

नाताळच्या दुपारी पाऱ्याने चाळिशी ओलांडली. अंगणात नातवंडं पाण्याच्या नळीखाली नाचत होती, लेकी-जावई क्रिकेट अर्धवट टाकून व्हरांड्यात आडवे झाले होते, आणि स्वयंपाकघरात पुडिंग उकळत होतं. भिंतींना वाफेचा घाम सुटला होता. नेव्हिल भांड्यापाशी पहारा देत उभा होता.

“तू जरा बाहेर बस, नेव्ह. लाल झालायस,” ग्लेनिस म्हणाली.

“मी सोडलं तर वाया जाईल,” तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. कापडाच्या आत पेट्रोल पंपाचं लेबल अजून चिकटलेलं आहे हे त्याला नुकतंच आठवलं होतं. चिमट्याने ते लेबल काढायच्या भानगडीत पुडिंग भांड्यात गिरकी घेऊन फिरलं. वॉशरची बाजू कुठली आणि बिनवॉशरची कुठली, हे आता देवालाच ठाऊक होतं.

सगळे टेबलाशी बसले. हॅम झालं, कोळंबी झाली, बटाटे झाले. कागदी टोप्या घामाने कपाळांना चिकटून त्यांचा रंग भुवयांवर उतरला. मग पुडिंग आलं. ग्लेनिसने त्यावर ब्रँडी ओतून काडी लावली. एवढ्या लख्ख उन्हात ती निळी ज्योत कुणाला दिसली नाही, पण सवयीने सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. क्लॅरीने मात्र वाजवल्या नाहीत. तो पुडिंगकडे बघत होता, आणि मधूनच जावयाकडे.

ग्लेनिसने पहिला घास घेतला. डोळे मिटले.

“आईच,” ती म्हणाली. “अगदी आईच.”

नेव्हिलने खाली बघितलं. ताटातला आपला तुकडा तो चमच्याने चाचपू लागला.

ग्लेनिसने दुसरा घास घेतला आणि दाताखाली कट्कन वाजलं. तिने बोटांनी ते बाहेर काढलं. नातवाने मान लांब करून पाहिलं.

“नाण्याला भोक आहे,” तो म्हणाला.

 ग्लेनिसने तो वॉशर तळहातावर घेतला. मग चमच्याने पुडिंग उकरलं. दुसरा निघाला. तिसरा निघाला. तिने ते ताटाच्या काठावर ओळीने मांडले आणि त्यांच्याकडे बघता बघता तिचा चेहरा हळूहळू मोडत गेला.

“तिला कळत नव्हतं,” ती म्हणाली. “शेवटी शेवटी तिला काही कळतच नव्हतं, बाबा. नाणी समजून तिने हे घातले. मी रोज येत होते, जात होते, आणि माझ्या लक्षात आलं नाही. एकटीच बसून वॉशर घालत राहिली बिचारी, आणि मी तिला एकदाही विचारलं नाही, आई, तुला बरं आहे ना?”

तिने टोपी काढून तोंडावर धरली. टोपीचा लाल रंग गालावर ओघळला.

नेव्हिल उठून उभा राहिला. “ग्लेन,” तो म्हणाला, आणि पुढचा शब्द शोधू लागला. त्याला बंब चालवता येत होता, वणवा विझवता येत होता. एवढं एक वाक्य मात्र येत नव्हतं.

“खाली बस, नेव्हिल,” क्लॅरी म्हणाला. म्हाताऱ्याने चमचा ताटात आडवा ठेवला. “ग्लेनिस, इकडे बघ. तुझ्या आईचं डोकं शेवटच्या श्वासापर्यंत ठिकाणावर होतं. मरायच्या आदल्या दिवशी तिने मला शर्टाचं बटण चुकीचं लावलं म्हणून बोलणी घातली. तिच्याबद्दल असलं काही मनात आणू नकोस. हे तिचं पुडिंग नाहीच.”

“म्हणजे?”

“हे नेव्हिलने कुठून आणलं ते त्याचं त्याला माहीत. तिचं माझ्याकडे आहे. यानं ते दलाच्या फ्रिजमध्ये ठेवलं, नाव न घालता. टोपली भरायला माणसं यायच्या आधी मी ते उचललं आणि घरी नेलं. टोपलीत गेलं ते दुसऱ्याच कुणाचं तरी. फ्रीजरमध्ये मटारांच्या पिशवीखाली आहे, नाण्यांसकट.”

“मग काल सांगितलं का नाही, बाबा?” नेव्हिलचा आवाज चिरकला. “मी आश्रमात जाऊन आलो. वीट म्हणाले ते तिला.”

“सांगणार होतो. मग तू बर्फ बघतोय म्हणालास, आणि माझीही जीभ उचलेना.” क्लॅरीने टेबलावरचे पुडिंगचे चुरे बोटाने एकत्र लोटले, पुन्हा पसरले. लेकीकडे न बघताच तो म्हणाला, “तुम्ही ते आज कापलं असतंत, ग्लेन. सगळ्यांनी दोन-दोन चमचे खाल्ले असते, छान झालंय म्हटलं असतं, आणि संपलं असतं. दुपारी घरात कुणी नसतं. मी फ्रीजरचं दार उघडतो आणि तिच्यापाशी खुर्ची घेऊन बसतो. मला ते संपायला नकोय.”